सोलकढी

रेडिएटरचं झाकण सैल केलं तसा त्याने लांब सुस्कारा टाकला,
आत बघतो तर सोलकढी.
तशीच गुलाबी, तशीच दाट,
वर कोथिंबीर तेवढी टाकायची राहिलेली.

याकूब सारंग उंडीच्या सावलीत उकिडवा बसून होता.
"नाटेकर, कुवेतला पन्नास डिग्रीत पळाली ही,
कधी फुरफुरली नाही.
इथे केळशीत काय झालं हिला? इथे तर वारा आहे."

वारा आहे, याकूबभाई. खारा आहे.
जाळीवरून बोट फिरवलं
तर पन्हळी पत्रा भाजल्या पापडासारखा हातात आला.
आणि तिकडे ही रस्त्याने पळायची,
इथे तुम्ही तिला होडीला जुंपलीत.
होड्या वर ओढायचे दिवस, पुळणीत चाकं बुडालेली,
मागे भावाची 'अल अमीन', ओली, दोन टनांची,
पुढे हातभर, मागे वीतभर.
इंजिन बोंबलतंय,
आणि गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं घुसळतंय.
ताक घुसळून गार राहतं. हे नाही राहत.

दांड्याच्या गाडीचं बरं असतं,
चुकलं की कुरकुरते, पायाला कळतं.
ही अठ्ठ्याहत्तरची अमेरिकन जीप, आपले आपण गिअर बदलणारी,
हिचं सगळं पोटात.
इंजिनाच्या तापाला काटा आहे, काचेमागे लाल रेघ आहे.
गिअरबॉक्सला काही नाही.
त्याचं तांबडं तेल दोन नळ्यांनी पुढे येतं,
रेडिएटरच्या खालच्या टाकीत एक पितळी नळी पाण्यात बुडवलेली,
तिच्यातून फिरून निवून परत जातं.
एकच पाणी दोघांची आग काढतं
आणि मध्ये नखाच्या जाडीची भिंत.
ती कधी फुटली ते याकूबला माहीत नाही.
गाडी चालू असताना तेल पाण्यात,
बंद केली की गुपचूप पाणी तेलात.

पट्टी काढून हुंगली.
तव्यावर विसरलेली भाकरी.

तीन दिवस गेले.
पितळी नळी दोन्ही तोंडांनी बंद केली,
तिला म्हटलं, तुझी चाकरी संपली.
चिपळूणच्या भंगारातून ट्रकचा तेलकूलर आणला,
समोर लावला, जिथे वारा आधी लागतो.
रेडिएटरला चार पदरी नवी जाळी,
पंख्याला डालड्याच्या डब्याचं कडं,
म्हणजे वारा इकडेतिकडे न पळता जाळीतूनच ओढला जाईल.
तांबडं तेल भरलं, सोडलं, भरलं, सोडलं,
चौथ्या खेपेला ते कुंकवासारखं स्वच्छ आलं.
आणि एक काटा बसवला, नवा, गिअरबॉक्सचा.
याकूब म्हणाला, "एवढ्या वर्षांत नव्हता, आता कशाला?"
मी पाना पुसत राहिलो.

संध्याकाळी ओहोटीला 'अल अमीन' निघाली.
दोर ताणला, पोरं ओरडली,
माझी नजर मात्र त्या एका काट्यावर.
ऐंशी. नव्वद. पंच्याण्णववर थांबला.
होडी सुरूच्या बनाशी लागली तेव्हा
मी वाळूत उताणा सरकून गिअरबॉक्सच्या तळाला तळहात लावला.
गरम होता. पण हात ठेवता येत होता.

घरी अंगणात पडवीपर्यंत आमसुलं पसरलेली.
शैला एकेक उलटत होती,
सकाळपासून, बहुतेक जेवलीही नसेल,
बोटं मनगटापर्यंत लाल.
काय झालं मला, मी वाकून तिच्या कपाळाला हात लावला.

"काय ओ?" ती म्हणाली.
"तेलाचा वास येतोय हाताला."

मी हात काढला नाही.
तिनेही सांगितलं नाही, काढा म्हणून.
थोड्या वेळाने म्हणाली,
"उन्हातून आलेय. निवेल आता."